पाठवलेल्या माणसाचा हिशेब

“कंपनीनं स्वतःच्या खर्चानं परदेशी पाठवलं, डॉलरमध्ये पगार दिला, विमानाचं तिकीट काढून दिलं. मग तक्रार कसली?” हा सवाल कोल्हापुरात हल्ली कुठंही ऐकायला मिळतो. राजारामपुरीतल्या निवृत्तांच्या गप्पांत मिळतो, लग्नाच्या पंगतीत मिळतो, उद्यमनगरातल्या कारखानदारांच्या तोंडी मिळतो. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. बऱ्याचदा ज्याचा मुलगा गेलेला असतो तो बापच असं बोलतो. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन वांद्र्याच्या अमेरिकन वकिलातीतून व्हिसा मिळवून आलेल्या पोराचा त्याला अभिमान असतो, आणि अभिमानाच्या भरात हिशेब विचारायचा राहून जातो.

तो हिशेब मला इथं मांडायचा आहे. माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीनं तात्पुरतं परदेशी पाठवलेल्या माणसावर कुणीही मेहेरबानी केलेली नाही. तो तात्पुरता आहे याचा फायदा पाठवणाऱ्या कंपनीला होतो, काम करून घेणाऱ्या ग्राहकाला होतो आणि त्याच्या पगारातून कापून घेणाऱ्या सरकारलाही होतो. तोटा तेवढा त्याच्या एकट्याच्या नावावर पडतो. हा तोटा नशिबानं आलेला नाही, नियमांत लिहून ठेवलेला आहे.

मी करसल्लागार आहे. परदेशातून परतलेली मुलंमुली विवरणपत्र भरायला येतात तेव्हा आपल्या फॉर्म १६ सारखा तिकडचा डब्ल्यू-२ नावाचा कागद घेऊन येतात. छोटासा कागद, त्यात दाटीवाटीनं चौकटी. सगळ्यांचं लक्ष पहिल्या दोन चौकटींवर असतं, करपात्र पगार आणि कापलेला आयकर. माझं बोट चौथ्या आणि सहाव्या चौकटीवर थांबतं. चौथीत सोशल सिक्युरिटीचा कर असतो, पगाराच्या ६.२ टक्के. सहावीत मेडिकेअरचा, १.४५ टक्के. पहिला मुख्यतः म्हातारपणीच्या पेन्शनसाठी, दुसरा पासष्टीनंतरच्या आरोग्यविम्यासाठी. मालकालाही तेवढीच भर घालावी लागते. वर्षाला ९०,००० डॉलर पगार धरला तर माणसाचे ६,८८५ डॉलर जातात आणि कंपनीचेही तेवढेच. पाच वर्षांत दोघांचे मिळून ६८,८५० डॉलर होतात.

यातलं त्याच्या हाती काय येतं? पेन्शनचा हक्क मिळायला चाळीस क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. म्हणजे दहा वर्षं. आता व्हिसाकडे बघा. कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेत बदली होऊन जाणाऱ्या जाणकार कर्मचाऱ्याला एल-१बी व्हिसा मिळतो, त्याची कमाल मुदत पाच वर्षं. व्यवस्थापक म्हणून गेला तर एल-१ए, सात वर्षं. एच-१बी ची सहा. एच-१बी वाल्याचं नाव ग्रीन कार्डाच्या रांगेत लागलं तर मुदत पुढे सरकते, हे खरं. पण जो ठरल्याप्रमाणे काम संपवून घरी परततो, म्हणजे ज्यानं ‘तात्पुरता’ या अटीचा पुरता मान ठेवला, त्याला दहा वर्षं भरणं कायद्यानंच अशक्य आहे. पाच वर्षांचा व्हिसा देणारं सरकार आणि दहा वर्षांची अट घालणारं सरकार एकच आहे.

इकडे काय होतं तेही पाहायला हवं. पगार तिकडच्या खात्यावर गेला की बहुतेकांचा इथला पीएफ थांबतो. आपल्या कर्मचारी पेन्शन योजनेतही पेन्शनसाठी दहा वर्षांच्या सेवेची अट आहे, आणि परदेशातली ती पाच वर्षं त्यात धरली जात नाहीत. तिकडची पेन्शन नाही आणि इकडची सेवाही तुटलेली. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशा माणसाला जशी लागू पडते तशी दुसऱ्या कुणाला पडत नसेल. आयकराचं म्हणाल तर भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ मध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यात अमेरिकेच्या कोणकोणत्या करांची वजावट भारतात मागता येईल ते लिहिलं आहे, आणि सोशल सिक्युरिटीचा कर तिथं स्पष्ट शब्दांत वगळला आहे. भरलेला पैसा करातही वळता करून घेता येत नाही. हे मी एखाद्या मुलीला समजावून सांगतो तेव्हा ती पहिल्यांदा कागद उलटा करून मागची बाजू बघते. मागे काही सवलत लिहिली असेल असं तिला वाटतं.

यावर तोडगा माहीत नाही असं नाही. दोन देशांनी सामाजिक सुरक्षेचा करार केला की ठरावीक मुदतीसाठी पाठवलेला माणूस आपल्या देशातच वर्गणी भरत राहतो, दुसऱ्या देशात त्याला ती भरावी लागत नाही. अमेरिकेनं असे करार जवळपास तीस देशांशी केले आहेत, पहिला १९७८ मध्ये इटलीशी. भारतानंही केले आहेत. बेल्जियमशी झालेला आपला करार २००९ मध्ये अमलात आला. पुढे जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, कॅनडा, जपान अशी यादी वाढत गेली. या देशांत जाणाऱ्या माणसाला आपलं भविष्य निर्वाह निधी कार्यालय एक प्रमाणपत्र देतं आणि त्या एका कागदावर तिथली कपात टळते. पुण्यातून जर्मनीला गेलेल्या माणसाला जे मिळतं ते त्याच टेबलावरून उठून अमेरिकेला गेलेल्याला मिळत नाही.

अमेरिकेचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे. तुमची सामाजिक सुरक्षा व्यवस्था सगळ्या जनतेला लागू नाही, सबब आमच्या कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही. आपल्याकडे बहुसंख्य कामगार पीएफच्या बाहेर आहेत हे खरं आहे, आणि ती लाजिरवाणी गोष्ट आहे. पण प्रश्न शेतमजुराच्या पेन्शनचा नाही. प्रश्न पाठवलेल्या माणसाचा आहे, आणि पाठवलेला माणूस पीएफमध्ये आहे. जर्मनी, जपान आणि कॅनडा यांना जी व्यवस्था विश्वासार्ह वाटते ती फक्त अमेरिकेलाच अपुरी कशी वाटते? ज्या कामगाराला पेन्शन द्यायची नाही हे आधीच ठरलेलं आहे त्याच्याकडून पेन्शनचा पैसा घ्यायचा, आणि देशातले बाकीचे कामगार गरीब आहेत हे त्याचं कारण सांगायचं, याला मी युक्तिवाद मानत नाही.

आपलेही हात स्वच्छ नाहीत, हे सांगितलं पाहिजे. २००८ पासून भारतात कामाला येणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याला पगाराची मर्यादा न ठेवता पूर्ण पगारावर पीएफ भरायला लावण्याचा नियम आपण केला, आणि ज्याच्या देशाशी करार नाही त्याचा पैसा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत अडकवून ठेवला. कराराच्या टेबलावर दबाव आणण्यासाठी हा नियम केला असं त्याचं समर्थन होतं. दबावाचा उपयोग झाला नाही. एका बाजूला आपली मुलं भरत राहिली, दुसऱ्या बाजूला त्यांचे लोक भरत राहिले.

आता ब्रिटनकडे वळतो. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यासोबत असं ठरलं की भारतीय कंपनीनं तात्पुरत्या पाठवलेल्या माणसाला तीन वर्षांपर्यंत ब्रिटनचा नॅशनल इन्शुरन्स भरावा लागणार नाही, तो भारतातच पीएफ भरत राहील. ब्रिटिश कंपनीनं इकडे पाठवलेल्यालाही तीच सवलत. यावर तिथं मोठा गहजब झाला. विरोधी पक्षनेत्या केमी बेडनॉक यांनी याला दुहेरी करव्यवस्था म्हटलं. भारतीय माणूस ब्रिटिश माणसापेक्षा स्वस्त पडेल आणि ब्रिटिश तरुणाची नोकरी जाईल, असा आरोप झाला. आपल्याकडच्या काही मंडळींनीही तो आरोप जसाच्या तसा उचलला: बघा, आपल्या पोरांना तिथं खास वागणूक मिळते.

खास काय आहे यात? करार नसलेल्या देशातून पाठवलेल्या माणसाला पहिले ५२ आठवडे ही वर्गणी माफ असण्याचा ब्रिटनचा नियम जुनाच आहे. ती मुदत तीन वर्षांवर न्यायचं ठरलं, एवढंच. अशा सवलती ब्रिटननं अमेरिका, कॅनडा, जपान आणि युरोपातल्या देशांना आधीच दिलेल्या आहेत. तेव्हा कुणाला ब्रिटिश तरुण आठवला नव्हता.

आणि वर्गणी भरून भारतीय माणसाला मिळत काय होतं? ब्रिटनच्या सरकारी पेन्शनसाठीही २०१६ पासून किमान दहा वर्षांची वर्गणी लागते. कंपनीच्या बदलीवर जाणाऱ्यांसाठी ११ एप्रिल २०२२ पासून ‘ग्लोबल बिझनेस मोबिलिटी’ नावाचा व्हिसा आहे. त्यातल्या वरिष्ठ किंवा विशेषज्ञ कर्मचाऱ्याला सहा वर्षांच्या काळात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. पगार ७३,९०० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर दहा वर्षांच्या काळात नऊ. दहासाठी एक कमी. या व्हिसावर काढलेली वर्षं कायम वास्तव्यासाठी मोजली जात नाहीत. बदलीच्या व्हिसावर नव्यानं जाणाऱ्यांसाठी ते दार एप्रिल २०१० मध्येच बंद झालं. त्याशिवाय प्रत्येक माणसामागे आरोग्य अधिभार भरावा लागतो, मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६. नवरा-बायको आणि दोन मुलं पाच वर्षांसाठी निघाली तर १८,११० पौंड होतात, आणि ते व्हिसाच्या अर्जासोबतच भरायचे असतात. कंपनी भरत असेल तर ठीक, नसेल तर घरातून. एवढं भरणारा माणूस फुकट्या कसा ठरतो?

स्वस्त पडण्याचा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात काही तथ्य आहे आणि ते तथ्यच माझ्या बाजूचं आहे. ब्रिटनमध्ये या व्हिसासाठी किमान पगाराची अट आहे. २२ जुलै २०२५ पासून ती ५२,५०० पौंड आहे. तिथल्या पूर्णवेळ नोकरदाराची मध्यम कमाई ३९,००० पौंडांच्या आसपास आहे, तेव्हा ही अट कमी म्हणता येणार नाही. पण घरभाड्याचा भत्ताही त्यात धरता येतो, म्हणजे कागदावरचे ५२,५०० आणि बँकेत जमा होणारा पगार एक असेलच असं नाही. अमेरिकेच्या एल-१ व्हिसाला तर किमान पगाराची अशी अटच नाही. तिथल्या बाजारभावाइतका पगार द्या, असं कायदा एच-१बी ला म्हणतो, एल-१ ला म्हणत नाही.

असं दार उघडं असलं की काय होतं याचा एक दाखला अमेरिकेच्या कामगार खात्यानंच नोंदवला आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर इमेजिंग’ या कंपनीनं आपल्या बंगळुरूच्या कार्यालयातले आठ कर्मचारी तिकडे नेले, संगणकाचं जाळं बसवण्यासाठी. त्यांना आठवड्याला १२२ तासांपर्यंत राबवलं आणि पगार बंगळुरूचाच रुपयांत चालू ठेवला. तासाला १ डॉलर २१ सेंट पडले. २०१४ मध्ये प्रकरण बाहेर आलं, ४०,००० डॉलरहून अधिक थकलेला पगार चुकता करावा लागला आणि दंड झाला साडेतीन हजार डॉलरचा. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातून १२२ वजा करून बघा, झोपायला किती उरतात.

ती आठ माणसं स्वस्त का पडली? त्यांना कमी पैशात राबायची हौस होती म्हणून नव्हे. त्यांना उठून शेजारच्या कंपनीत जाता येत नव्हतं म्हणून. एल-१ व्हिसा एका कंपनीला बांधलेला असतो. पासपोर्टवर नाव माणसाचं असलं तरी नोकरी सुटली की परवाना संपला. एच-१बी वाल्याला निदान दुसरी कंपनी शोधायची मुभा आहे, पण तीही साठ दिवसांत. ब्रिटनमध्येही प्रायोजक कंपनीनं हात काढला की साधारण साठ दिवसांची नोटीस येते. साठ दिवसांत घराचा करार मोडायचा, गाडी विकायची, मुलांचं शाळेचं वर्ष अर्ध्यात सोडायचं. या भीतीखाली बसलेला माणूस पगारवाढ मागत नाही, जादा तासांची तक्रार करत नाही, वरिष्ठ चुकला तरी बोलत नाही. तिकडचे लोक म्हणतात, भारतीय स्वस्त आणि आज्ञाधारक असतात. बांधलेला कुठलाही माणूस असाच वागतो. त्याची दोरी सोडा, मग तो ब्रिटिश माणसाइतकाच महाग पडेल आणि ब्रिटिश माणसाचीही काळजी मिटेल.

इथं कंपन्या पुढे येतात. त्यांचं म्हणणं असं की व्हिसाचा खर्च आम्ही करतो, वकिलाची फी आम्ही देतो, प्रशिक्षण आम्ही देतो. माणूस मोकळा सोडला तर तो दुसऱ्या महिन्यात पळून जाईल. यातला खर्चाचा भाग मला मान्य आहे. खर्च वसूल करण्यासाठी करार करण्याचा हक्कही मान्य आहे, आणि तो न्यायालयालाही मान्य आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. मग कंपन्यांच्या हाती वाजवी बाँड आहेच की. तो असताना व्हिसाचीही दोरी कशाला हवी? झालेला खर्च महिन्यागणिक कमी होत जाईल असा बाँड घ्या, सोडून जाणाऱ्याकडून उरलेली रक्कम घ्या आणि त्याला जाऊ द्या. माणसाला आयुष्याची वर्षं गहाण ठेवायला लावण्याइतका कोणताही खर्च मोठा नसतो.

आणि कंपन्या या नात्यात नेहमीच दात्याच्या बाजूला होत्या असंही नाही. टाटा कन्सल्टन्सीनं अमेरिकेत पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांनी २००६ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. आम्हाला मिळणारा कराचा परतावा कंपनीच्या नावे लिहून द्यायला लावतात, ही त्यांची तक्रार होती. २०१३ मध्ये कंपनीनं २ कोटी ९७ लाख ५० हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी इन्फोसिसनं व्हिसाच्या वापराबद्दलच्या चौकशीत अमेरिकन सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली, गैरप्रकाराचा आरोप मात्र नाकारला. या दोन्ही कंपन्यांनी हजारो मराठी घरं उभी केली, मी ते विसरत नाही. पण उपकाराची भाषा वापरणाऱ्यांनी हे दोन आकडेही लक्षात ठेवावेत.

आतापर्यंत संगणकवाल्यांचंच बोललो. कोल्हापूरचं खरं दुखणं वेगळं आहे, आणि त्याबद्दल इथले कारखानदार गप्प आहेत याचं मला वाईट वाटतं.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांचा माल युरोपात जातो. कधी तरी तिकडून निरोप येतो की अमुक लॉटमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतकामात हवेनं पडलेली भोकं, निघाले, लाइन थांबली आहे, माणूस पाठवा. इथला दर्जा तपासणारा इंजिनिअर दोन दिवसांत निघतो. त्याच्या हाती बिझनेस व्हिसा असतो. तिथं गेल्यावर तो ग्राहकाच्या गोदामात उभा राहतो, एकेक कास्टिंग उचलून उजेडात फिरवतो, गेज लावतो, खडूनं खूण करतो, चांगला माल एका पेटीत आणि टाकाऊ दुसऱ्या पेटीत घालतो. ही बैठक आहे की काम? बैठकीला परवानगी आहे. विकलेलं यंत्र बसवून देण्याला किंवा दुरुस्त करण्याला बऱ्याच देशांच्या नियमांत जागा आहे. कास्टिंग निवडत उभ्या असलेल्या माणसाला कुठल्या रकान्यात बसवायचं, याचं सरळ उत्तर त्याला कुणीही देत नाही. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं तर काय सांगायचं हे त्याला मालकानं घोकवून पाठवलेलं असतं. चूक झाली तर परत पाठवणी त्याची होते, पासपोर्टवर शिक्का त्याच्या बसतो. मालकाची ऑर्डर दुसऱ्या माणसाला पाठवून वाचते.

कायद्याचा सरळ रस्ता या फाउंड्रीला बंद आहे. बदलीचा व्हिसा हवा तर परदेशात आपली शाखा हवी. ब्रिटनमध्ये शाखा नव्यानं उघडायची असेल तर त्यासाठीही व्हिसा आहे, कमाल दोन वर्षांचा, पण किमान पगाराची अट तीच, ५२,५०० पौंड. रुपयांत हा आकडा साठ लाखांच्या घरात जातो. एवढ्यात शिरोलीतल्या मध्यम फाउंड्रीचा, साच्याची आखणी करणारा अख्खा मेथडिंग विभाग वर्षभर चालेल. म्हणजे बंगळुरू-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांसाठी रस्ता आहे, उद्यमनगरातल्या हातांसाठी नाही. ब्रिटनशी झालेल्या करारात भारतीय स्वयंपाकी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी वर्षाला १,८०० जागा ठेवल्या आहेत. त्यांना मिळाल्या याचा मला आनंद आहे. ती मागणी कुणी तरी टेबलावर ठेवली म्हणून मिळाली. मालाच्या तक्रारीसाठी पंधरा दिवस जाणाऱ्या ओतकामाच्या इंजिनिअरची मागणी कुणी ठेवली? विजेचा दर वाढला की आम्ही कर्नाटकात जाऊ, असा इशारा देणाऱ्या आपल्या संघटनांना आवाज आहे हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, गोशिमा आणि स्मॅक यांनी तो आवाज आपल्याच माणसासाठी एकदा वापरावा.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, मुलं बाहेर जातात हेच वाईट, बंद झालं तर बरं. १९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं तेव्हा इथंही काहींना समाधान वाटलं. आता हुशार पोरं परत येतील, कोल्हापूर वर येईल, असं ते म्हणाले. मला हे पटत नाही. कंपनीनं मुदतीवर पाठवलेला माणूस परत यायलाच गेलेला असतो, त्याला देश सोडून गेलेला म्हणणं अन्याय आहे. दार बंद झाल्यावर काम भारतात येईल हे शक्य आहे, पण ते हिंजवडीला येईल, हैदराबादला येईल. शेंडा पार्कात आयटी पार्क करा म्हणून आपण किती काळ नुसती मागणीच करतो आहोत! कोल्हापूरचा मुलगा आधीच पुण्यात पाठवलेला असतो. त्याच्या घरापासूनचं अंतर त्या शुल्कानं एक किलोमीटरनंही कमी होत नाही. परत आलेल्याला इथं काम नाही आणि बाहेर जाणाऱ्याला संरक्षण नाही, अशा गावानं दुसऱ्या देशाच्या बंद दारावर आनंद मानू नये.

संरक्षण नाही हे मी शब्दशः म्हणतो. आपला १९८३ चा उत्प्रवासन कायदा आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. परदेशी जाण्याआधीच्या सरकारी मंजुरीची अट अठरा देशांपुरती, आणि दहावी पास झालेला माणूस त्या तपासणीतून सुटतो. त्या मजुराला मिळणारं संरक्षणही तुटपुंजं आहे, पण निदान कायद्यानं त्याला पाहिलं तरी आहे. पदवीधर माणूस शहाणा असतो, तो आपलं बघून घेईल, असं त्यामागे गृहीत आहे. बंगळुरूची ती आठही माणसं शिकलेली होती.

म्हणून मी माझ्याकडे निघण्याआधी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की कंपनीकडून एक पत्र लेखी घ्या. इथला पीएफ चालू राहणार की नाही, बाँडची रक्कम किती आणि ती दर महिन्याला किती कमी होणार, परत आल्यावर पद आणि पगार काय, आणि व्हिसा मधेच संपला तर कुटुंबाच्या परतीचा खर्च कोणाचा. बऱ्याच कंपन्या हे देतात, मागितलं तर. मागत कुणी नाही, कारण मागणं म्हणजे कृतघ्नपणा असं त्यांच्या घरातच त्यांना शिकवलेलं असतं. बापानं पोराला पेढे वाटायच्या आधी हे पत्र बघायला मागावं.

पण पत्रानं चौथ्या चौकटीतला पैसा परत येणार नाही. त्यासाठी दिल्लीत बोलावं लागेल. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी होतात तेव्हा आयातशुल्क, सोयाबीन, औषधं, तेल यांची चर्चा रोज छापून येते, पाठवलेल्या माणसाच्या पेन्शनची येत नाही. कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपती महाराज आणि हातकणंगल्याचे खासदार धैर्यशील माने एकमेकांच्या विरोधी बाकांवर बसतात, पण या प्रश्नावर त्यांचं दुमत व्हायचं कारण नाही, दोघांच्याही मतदारसंघांतली मुलं तिकडे आहेत. त्यांनी संसदेत दोन प्रश्न विचारावेत. अमेरिकेबरोबर सामाजिक सुरक्षेच्या करारावर सरकारनं शेवटची चर्चा कोणत्या तारखेला केली? आणि करार न होता परतलेल्या भारतीयांनी आजवर तिकडे भरलेल्या आणि बुडालेल्या वर्गणीची नोंद सरकारच्या कोणत्या खात्याकडे आहे?